गोष्टीची बाजू मांडायला उभं राहताना

कथेविषयी, कलेविषयी बोलायचं निमंत्रण आलं की आपण लेखक मंडळी कागद घेऊन मुद्दे काढायला बसतो. मीही तेच करायचे. सोळा वर्षांपूर्वी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ‘कथेचे बालमनावरील संस्कार’ या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. डिसेंबरची दुपार होती. मांडवाच्या कडेचं ऊन सरकत सरकत पहिल्या तीन रांगांवर आलं होतं आणि समोरच बसलेली दुसरीतली एक मुलगी वेणीची रिबीन सोडून बोटाला गुंडाळत होती. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, नारळ मिळाला. मी चपला शोधत होते तेव्हा ती मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “टीचर, आनी काणी?”

आणि गोष्ट? चाळीस मिनिटं मी गोष्टीची महती सांगितली होती आणि गोष्ट एकही सांगितली नव्हती. ते बोट आणि ती रिबीन मला अजून दिसते. तेव्हापासून शाळा, देवळांचे सभामंडप, वाचनालयं, महिला मंडळं, ग्रामसभा अशा कितीतरी ठिकाणी बोलले. जे हाताला लागलं ते इथे मांडते. तुम्ही कथा लिहीत असाल, भजन शिकवत असाल, नाटकात काम करत असाल आणि आपल्या कलेसाठी चार लोकांपुढे उभं राहायची वेळ आली असेल, तर याचा उपयोग व्हावा.

आराखडा आपल्या देवळातच आहे

भाषण कसं बांधावं हे शिकायला मला पुस्तक लागलं नाही. शिरोड्याला कामाक्षीच्या देवळात कीर्तनं ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगात ते मुरलेलंच असतं, फक्त ओळखायला वेळ लागतो. नारदीय कीर्तनात बुवा आधी नमन करतात, मग मूळपद घेतात, त्याचं निरूपण करतात. हा पूर्वरंग. मध्ये थोडा नामगजर, बुक्का, हार. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. आख्यान संपता संपता बुवा पुन्हा मूळपदावर येतात आणि श्रोत्याला कळतं की मघाशी जे तत्त्व म्हणून ऐकलं ते या गोष्टीत घडलं.

माझं पंचवीस मिनिटांचं भाषण मी याच मापाने कापते. नमन दोन मिनिटं: त्या जागेला, त्या गावातल्या एखाद्या कलेला, तिथल्या देवळाला किंवा चॅपेलला. मूळपद एकच वाक्य. निरूपणाला पाच मिनिटं, त्याहून जास्त अजिबात नाही. बारा-तेरा मिनिटं आख्यान. उरलेल्या वेळात मागणं. मुलांपुढे असेन तर निरूपण सरळ गाळते आणि आख्यानाने सुरुवात करते.

मूळपदावर मात्र वेळ घाला. मी घरात नारळाच्या झावळीचे हीर काढत बसते तेव्हा ते वाक्य मोठ्याने म्हणून बघते. जीभ अडखळली की वाक्य बदलायचं. ‘कथाकथनामुळे व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास होतो’ हे मूळपद होऊ शकत नाही, कारण ते कुणाच्याही तोंडात बसतं आणि कुणाच्याच मनात राहत नाही. ‘ज्या घरात गोष्ट सांगतात त्या घरातलं मूल दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेतं’ हे मी बरीच वर्षं वापरते. माझ्या डोळ्यांपुढे घडलेलं आहे, म्हणून ते म्हणताना माझा आवाज हलत नाही.

एक गोष्ट जवळून

आता आख्यान कसं निवडायचं आणि कसं उभं करायचं. मी नेहमी सांगते त्यातलं एक उघडून दाखवते.

सांगे तालुक्यातलं कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. गावकऱ्यांचं पुनर्वसन वाडे आणि वाळकिणी इथे झालं. दर उन्हाळ्यात पाणी उतरतं, जमीन उघडी पडते आणि मे महिन्यात जुने गावकरी तिथल्या सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. १९०४ चा त्यांचा जन्म, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, किशोरीताई आमोणकर त्यांची लेक. ही सगळी माहिती खरी आहे, महत्त्वाची आहे, आणि अशीच सांगितली तर सभागृह तीन मिनिटांत जांभया देऊ लागेल.

मी सुरुवात करते ती एका चपलेपासून. एका मे महिन्यात मी तिथे गेले होते. भेगा पडलेली जमीन, झाडांचे वाळून गेलेले बुंधे, इथे तिथे घरांची जोती आणि कुठे कुठे अजून उभी असलेली तुळशीवृंदावनं. साठीच्या पुढची एक बाई नातवाचा हात धरून चालत होती. चालता चालता मोकळ्या मैदानात एका जागी थांबली आणि तिने चपला काढल्या. भिंत नाही, दार नाही, काहीच नाही. नातू तिच्याकडे बघतच राहिला.

इथे मी थांबते. पाच आकडे मनात मोजते. गोव्यातल्या कुठल्याही शाळेत या जागी कुणीतरी म्हणतंच, “मागीर?” मागीर म्हणजे मग, पुढे. तो शब्द आला की ओळखायचं, सभा आता आपल्या ओंजळीत आहे.

मग सांगते: ती म्हणाली, “हांगा आमचो उंबरो.” नातवानेही चपला काढल्या. तिने त्याला स्वयंपाकघर दाखवलं, विहिरीची वाट दाखवली, गोठा दाखवला. तिथे दगड-मातीशिवाय काही नव्हतं आणि पोराला सगळं दिसत होतं. त्यानंतर मोगूबाईंचं नाव येतं. ‘याच वाटेवरून एक लहान मुलगी आईबरोबर जायची, तिच्या गळ्यात सूर होते.’ आता १९०४ साल सांगितलं तरी मुलं ते धरून ठेवतात, कारण ते ठेवायला त्यांना एक घर मिळालेलं असतं. आणि मग मूळपद. घर पाण्याखाली गेलं, तरी आजीने सांगितलं म्हणून ते नातवाकडे पोचलं.

या सांगण्यात कसब म्हणावं असं एवढंच आहे: मोठी गोष्ट लहान वस्तूच्या दारातून आत आणायची. चप्पल, किल्ली, पत्र्याचा डबा, काहीही. आणि थांबायला भ्यायचं नाही. नवखा वक्ता शांततेला घाबरतो, लगेच ‘म्हणजेच काय’ म्हणून अर्थ सांगू लागतो. अर्थ श्रोत्यांना काढू द्या.

एका भाषणात एकच साल

गोव्याविषयी बोलताना सालांचा मोह फार. छापखाना भारतात पहिल्यांदा आला तो गोव्यात, १५५६ साली. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची. आता पणजीतल्याच पाटो भागात आहे ते, जुने गोमंतकीय कवी कृष्णदास शामा यांच्या नावाने. हे सगळं एका दमात सांगितलं की श्रोत्यांपर्यंत फक्त आपली हुशारी पोचते. मी एका भाषणाला एक साल, फार तर दोन, असा नेम केला आहे.

फोंड्याच्या बाजूला बोलायचं असलं की माझ्याकडचं हुकमी साल आहे १९७७. गायिका केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. त्या वर्षी अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली आणि प्रत्येकात पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्यांतलं नंतरचं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मुलांना मी म्हणते, तुमच्या शेजारच्या गावची बाई आत्ता या क्षणी सूर्यमालेच्या पलीकडे प्रवासाला आहे. एका शाळेत या वाक्यानंतर पाचवीचा एक मुलगा खिडकीशी जाऊन वर बघून आला. मराठी शाळेच्या खिडकीतून त्याला जे दिसलं असेल, त्यासाठीच मी बोलत फिरते.

कुठल्या भाषेत

हा प्रश्न गोव्यात प्रत्येकाला पडतो आणि तो टाळू नये. घरात कोंकणी, देवळात आरती मराठी, नाटक मराठी, शाळेत इंग्रजी, असं आमच्या मुलांचं आयुष्य आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सरकारी कामकाजात वापर मान्य झाला. त्या काळातल्या भाषावादाची जखम काही घरांत अजून भरलेली नाही. मी मराठीत लिहिते, मराठीतच सांगते, पण पात्र कोंकणी असेल तर त्याचं बोलणं कोंकणीत ठेवते. कुर्डीच्या त्या बाईचा ‘उंबरो’ मी ‘उंबरा’ केला तर ती बाई तिथून उठून जाईल. श्रोत्यांची भाषा चोरून आपल्या भाषेचं भलं होत नाही.

माइक, खांब आणि पाऊस

ही बाजू लेखक हलक्यात घेतात आणि तिथेच मार खातात. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोचा आणि सगळ्यात मागच्या खांबापाशी जाऊन उभे राहा. देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो. एक वाक्य भिंतीवरून परत यायच्या आत दुसरं टाकलं की दोन्ही वाया. तिथे नेहमीच्या निम्म्या गतीने बोलावं लागतं. साउंडवाल्या मुलाला नावाने हाक मारा, त्याच्याकडूनच माइक कसा धरायचा ते समजून घ्या. मी हनुवटीखाली चार बोटांवर धरते, थेट तोंडासमोर धरला तर प, फ, भ फटफट फुटतात. आयोजकांना बॅटरीचं विचारा. बिनतारी माइक नेमका आख्यानाच्या मध्यावर मान टाकतो.

जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली कार्यक्रम असेल तर पावसाशी स्पर्धा करू नका. सर आली की थांबायचं. मी मुलांना डोळे मिटून पाऊस ऐकायला सांगते आणि सर ओसरली की विचारते, काय काय ऐकलंत. त्यातून गोष्ट जिथे सोडली तिथून पुढे नेता येते. जत्रेत, उत्सवात बोलायचं तर वेळ आधी पक्की करा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक सहसा चालत नाही, आणि तुमच्यानंतर नाटकाची मंडळी रंग लावून ताटकळत असतील तर तुमची पंधरा मिनिटं तुम्ही त्यांच्या वेळातून घेता. उत्सवी नाटक हा गोव्याच्या हौशी रंगभूमीचा प्राण आहे. त्याचा वेळ खाऊ नये.

पडद्यावर चित्रं दाखवण्याऐवजी हातात एक वस्तू न्या. मी घुमट नेते. मातीचं भांडं, एका तोंडावर ताणलेलं कातडं. २०१९ मध्ये सरकारने ते गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं लावतात. मुलांच्या हाती दिलं की गणेश चवथीच्या आरतीतला ठेका कुणीतरी आपणहून धरतं. मग गोष्ट त्या ठेक्यावर सुरू करायची.

मागणं

इथवर सगळं जमलं तरी काम अर्धंच झालं. कलेची बाजू मांडायची तर शेवटी काहीतरी मागावं लागतं, आणि ते आम्हा लेखकांना जमत नाही. ‘शासनाने आणि समाजाने कलेला प्रोत्साहन द्यावे’ असं म्हणून आपण खाली बसतो. यावर कुणी काय करायचं?

मी एका पंचायतीच्या ग्रामसभेत पहिल्यांदा बोलले तेव्हा वाचनसंस्कृतीवर बोलले. लोक भारावले, दोघांनी डोळे पुसले, सरपंचांनी आभार मानले. महिन्याने इतिवृत्त बघितलं तर त्यात माझ्या बोलण्याची एक ओळही नव्हती. चूक माझी होती. मी ठरावात लिहिता येईल असं काही मागितलंच नव्हतं.

पुढच्या वेळी आठ दिवस आधी पंचायतीच्या सचिवांकडे लेखी अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली. अर्जात एकच गोष्ट: पंचायतीच्या सभागृहाची किल्ली, दर शनिवारी दुपारी चार ते साडेपाच, गोष्टींच्या वर्गासाठी. त्याआधी सहा शनिवार मी एका घराच्या पडवीत मुलं जमवली होती आणि वहीत हजेरी ठेवली होती. अकरा, चौदा, नऊ, सोळा, सोळा, एकवीस. नऊचा शनिवार का पडला तेही लिहिलं होतं, त्या दिवशी वाड्यावर लग्न होतं. सभेत मी ती वही वर धरली. चार मिनिटं बोलले, त्यातली दोन त्या पडवीतल्या एका मुलाची गोष्ट.

एका भाऊंनी लगेच विचारलं, विजेचं बिल कोण भरणार? याची तयारी होती: दोन पंखे, दिवसाउजेडी वर्ग, दिवे लावायचे नाहीत. दुसऱ्याने विचारलं, झाडलोट? पालकांची पाळी लावली होती, कागद दाखवला. तिसरा प्रश्न सगळ्यात खरा होता, एका आईचा: “बाई, हें आयकून भुरग्यांक मार्क मेळटले?” म्हणजे, हे ऐकून मुलांना मार्क मिळतील? मी तिला फसवलं नाही. म्हटलं, मार्कांचं मी सांगू शकत नाही, पण वयनी, तुमचा मुलगा दीड तास मोबाइलशिवाय बसेल, आणि घरी येऊन तुम्हाला काहीतरी सांगेल. ती हसली नाही, मान हलवली. ठराव झाला.

जे मागता ते एवढं लहान असू द्या की ‘हो’ म्हणायला माणसाला वरिष्ठांना विचारावं लागू नये. किल्ली. आठवड्याचा एक तास. कपाटातला एक कप्पा. मोठं मागणं नंतर, त्या लहान ‘हो’च्या खांद्यावरून.

शाळेत मुख्याध्यापकांची अडचण वेगळी असते, त्यांच्यापुढे अभ्यासक्रम असतो. त्यांना २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा. त्यात गोष्टींच्या आधाराने शिकवणं स्पष्ट शब्दांत आहे, आणि स्थानिक कलाकार, लेखक, कारागीर यांना शाळेत शिकवायला बोलावण्याची सूचनाही आहे. त्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवते. कंपनीकडे जायचं तर २०१३ च्या कंपनी कायद्याची सातवी अनुसूची वाचून जा. सामाजिक जबाबदारीच्या खर्चात कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालयं, पारंपरिक कला यांचा समावेश आहे. समोरच्या अधिकाऱ्याला वर उत्तर द्यायला आधार मिळतो. सरकारी योजनांसाठी पाटोच्या संस्कृती भवनात कला आणि संस्कृती संचालनालय आहे. फोनवर विचारण्यापेक्षा स्वतः जाऊन अर्जाचा नमुना घेऊन या.

दुसऱ्यांच्या कलेसाठी बोलताना

लोककलेविषयी बोलायला मला बोलावतात तेव्हा मी विचारते, कलाकार येणार आहेत का? सत्तरी तालुक्यातल्या रणमाले या लोकनाट्यावर मी अर्धा तास बोलावं आणि ज्यांच्या अंगात ते आहे त्यांनी घरी बसावं, हे मला पटत नाही. त्यांना बोलवा, गाडीभाडं द्या, मानधन द्या आणि ते पाकिटात, कार्यक्रमाच्या दिवशीच द्या. शाल-श्रीफळाने घर चालत नाही. मला मिळणाऱ्या मानधनाविषयी मी आता संकोच न करता आधी बोलते, कारण मी फुकट गेले की माझ्या मागून येणाऱ्या मुलीला कुणी पैसे देत नाही.

आणि प्रत्येक कला व्यासपीठावर आणू नये. धालो, म्हणजे बायकांची नाचत म्हणायची गाणी, पौषातल्या चांदण्यात, मांडावर, म्हणजे वाड्यावरच्या ठरलेल्या अंगणात होतात. तो मांड पवित्र असतो. शहरातल्या एका कार्यक्रमासाठी मी एका वाड्यावरच्या बायांना विचारायला गेले होते, तर त्यांतली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली की मांडाबाहेर पाय उचलत नाही आमचा. मी आग्रह केला नाही. सभेत त्या मांडाचं, शेणाने सारवलेल्या जमिनीचं, समोरासमोर उभ्या दोन रांगांचं वर्णन केलं आणि लोकांना सांगितलं, पौषात तिथे जा, लांबून बघा, फोन खिशात ठेवा.

कार्यक्रम झाला की

त्याच रात्री वहीत तीन गोष्टी लिहा: कुठे ‘मागीर’ आलं, कुठे लोक हलले-खोकले, कुणी काय विचारलं. माझ्या वहीत खोकल्याच्या जागी जवळजवळ नेहमी विशेषणं सापडतात. पुढच्या वेळी ती काढते.

आठ दिवसांच्या आत आयोजकांना पत्र लिहा, आभाराचं नव्हे, कामाचं. कोण काय करतो म्हणाला ते नावानिशी, तारखेसह. किल्ली मिळाली असेल तर ती वेळेवर परत करा, सभागृह झाडून, पंखे बंद करून, हजेरीच्या आकड्यासकट. आमच्या सचिवांच्या टेबलावर मी दर शनिवारी पावणेसहाला ती ठेवते आणि वहीत त्यांची सही घेते. गेल्या शनिवारी तेवीस मुलं होती. दोन मुलं पलीकडच्या वाड्यावरून बोरीच्या बसने आली होती, त्यांना परत पोचवायला कोण, ते आता ठरवायचं आहे.